डेल्फ्टला गेलीस तर

॥ श्री ॥

श्रूजबरी,
२४ मार्च २०२४

चि. सौ. शोभनास,
मृणालिनीचे अनेक आशीर्वाद.

राजीवचा फोन आला होता. त्यातलं मला ‘डेल्फ्ट’ एवढंच ऐकू आलं. मग माझ्या इलाने मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं की तुझा वेद आणि सूनबाई आरोही तुम्हा दोघांना हॉलंडला नेताहेत. माझं आणि माझ्या कानातल्या यंत्राचं आता जमत नाही, तेव्हा यापुढे आपलं बोलणं कागदावरच. तुला ते मानवेल. कागद तू दोन्ही बाजूंनी वापरतेस.

डेल्फ्टमध्ये मी वर्षभर राहिले आहे. यांना पाण्याच्या इंजिनिअरिंगचा कोर्स करायला तिथे पाठवलं होतं. मी नवी नवरी, नुकती डॉक्टर झालेली, आणि तिथे मला काही काम नाही. म्हणून सगळं गाव पायाखाली घातलं. त्याला आता पन्नास वर्षं झाली, पण असली गावं फारशी बदलत नाहीत. म्हणून लिहिते, वेदच्या फोनवर हे मिळणार नाही.

पहिल्या दिवशी काही बघायला जाऊ नका, नुसतं कालव्याच्या कडेने चाला. रस्त्यात लाल पट्टा असतो तो सायकलींचा. त्यावर उभं राहून फोटो काढू नका, ते लोक थेट अंगावर येतात. राजीवला हे दोनदा सांग. जुन्या चर्चचा मनोरा कलता आहे. तू घाबरशील, पण तो शेकडो वर्षं तसाच उभा आहे. चौकात दुसरं चर्च आहे, त्याला नवं म्हणतात आणि तेही पाचशे वर्षांचं. त्याच्या मनोऱ्यात वरपर्यंत जिना आहे. आरोहीची तब्येत नाजूक आहे, तिला चढू देऊ नकोस आणि तूही चढू नकोस. खालून बघितलं तरी पुण्य तेवढंच.

निळ्या नक्षीची भांडी तिथलीच. खरं भांडं हाताने रंगवलेलं असतं आणि त्याची किंमत ऐकून तुझी झोप उडेल. हातात घे, उलटं करून खालची खूण बघ आणि जपून परत ठेव, दुकानदार रागावत नाहीत. चीज विचारून खा. काहींत वासराच्या पोटातलं विरजण असतं, ते तुला चालणार नाही. पण ताक मिळतं, अगदी आपल्यासारखं. मीठ आणि जिऱ्याची पूड बरोबर ने. आमचं घर कालव्यावरच्या दगडी पुलाशेजारी, हिरव्या दाराचं. आम्ही वर राहायचो. जिना इतका उभा की उतरताना पाठमोरं उतरावं लागे. खाली मालकीणबाई, मिसेस व्हिसर. त्यांनी मला लेकीसारखं सांभाळलं.

आता शेवटचं ठिकाण. कालव्याच्या कडेने गावाबाहेर दक्षिणेला गेलं की दफनभूमी लागते. फाटकातून आत गेल्यावर उजव्या हाताला, भिंतीजवळ, लहान मुलांची ओळ आहे. तिथे एका बर्चच्या रोपाखाली छोटा दगड आहे. त्यावर आमचं आडनाव आणि १९७२ साल आहे. नाव नाही. ती तीन दिवसच होती, बारसं व्हायचं होतं. मिसेस व्हिसरनीच जागा मिळवून दिली आणि रोपही त्यांनीच लावलं. मी आईला कळवलं होतं, तिने कोणाला सांगितलं नाही. राजीव तेव्हा कॉलेजात होता, त्यालाही माहीत नाही. भारतात जाता-येता कितीदा अ‍ॅमस्टरडॅमला विमान बदललं, पण तिथल्या स्टेशनापर्यंत जायचा मला कधी धीर झाला नाही. डॉक्टर असून मी तिला ठेवू शकले नाही, मग कुठल्या तोंडाने जाणार?

सोबत एक पुडकं पाठवते आहे. उघडू नकोस, त्या झाडाच्या मुळाशी ठेव.

वेळ नसला तर राहू दे.

आरोहीला जप. तुझ्या डब्यातल्या दशम्यांवर लक्ष ठेव, विमानतळावर काढून घेतात.

तुझी,
मृणालिनी

———

॥ श्री ॥

नेपरव्हिल,
२८ एप्रिल २०२४

ती. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप परत आलो. तुमचं पत्र नसतं तर गाव कळलंच नसतं. वेदच्या फोनमध्ये नुसती नावं, आणि तुमच्या पत्रात प्रत्येक वळण. तुम्ही लिहिलेलं सगळं पाहिलं.

तुमच्या भावाला लाल पट्ट्याबद्दल दोनदा नाही, चारदा सांगितलं. तरी पुलावरचा फोटो काढायला ते मध्ये उभे राहिलेच. एक बाई सायकलच्या पुढच्या पेटीत दोन मुलं घालून आली आणि यांच्या कोटाला चाटून गेली. काहीतरी म्हणालीही, ते कळलं नाही हेच बरं. हॉटेलात येऊन हे म्हणतात, मृणाताईने पन्नास वर्षांपूर्वीचं आठवून सावध केलं होतं, मीच उशिरा ऐकलं. कलत्या मनोऱ्याखाली मी फार वेळ थांबले नाही. निळी बशी हातात घेतली, उलटी केली, ठेवली. ताक रोज प्यायले. जिऱ्याची पूड संपली तेव्हा हे नुसतंच प्यायले आणि त्यात काहीतरी कमी आहे म्हणून दिवसभर कुरकुरले.

तुमच्या घराचं दार आता निळं आहे. खाली कॉफीचं दुकान झालंय. जिना दिसला, आरोहीने फोटो काढलाय, इलाच्या फोनवर पाठवेल. तिथे मी जरा वेळ उभी राहिले. एवढ्या उभ्या जिन्याने तुम्ही दिवस असताना कशा चढत-उतरत असाल, हेच मनात येत होतं.

शेवटच्या सकाळी रामनवमी होती. दुपारी निघालो, त्यामुळे गुरुवारचा बाजार हुकला. आरोहीला आता बरं आहे, सकाळच्या उलट्या थांबल्या. डॉक्टरांनी सप्टेंबरअखेरची तारीख दिली आहे.

तुम्ही गोळ्या वेळेवर घेता ना, ते इलाला लिहायला सांगा, कारण तुम्ही ‘हो’च लिहाल. माझ्यावर आहे तशीच माया असू द्या.

तुमची,
शोभना

———

श्रूजबरी,
५ मे २०२४

चि. सौ. शोभनास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. राजीवच्या कोटाची हकीकत वाचून इला आणि मी खूप हसलो. जिन्याचा फोटो इलाने मोठा करून दिला आहे, तो आरशाजवळ लावलाय.

सगळं पाहिलं असं लिहिलंस. शेवटच्या ठिकाणाबद्दल काही लिहिलं नाहीस. मला वाईट वाटेल म्हणून टाळलंस का? वाईट वाटायचं ते वाटून झालं आहे. मला फक्त एवढं सांग, दगड आहे का, आणि ते झाड जगलं का?

तुझी,
मृणालिनी

———

॥ श्री ॥

नेपरव्हिल,
१२ मे २०२४

ती. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

हो, जाऊन आले. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून आधी लिहिलं नव्हतं.

दगड आहे. थोडा काळा पडलाय, पण आडनाव वाचता येतं. बर्चचं झाड खूप उंच झालंय, साल पांढरीशुभ्र आहे. पुडकं मुळाशी ठेवलं आणि वर फुलं वाहिली. उभ्याने रामरक्षा म्हटली. तिथे शांत होतं आणि स्वच्छ होतं.

आता मनाला लावून घेऊ नका. बाकी सगळे ठीक. लोभ असू द्या, असं आज नुसतं लिहायचं म्हणून लिहीत नाही, मागते आहे.

तुमची,
शोभना

———

॥ श्री ॥

नेपरव्हिल,
१५ मे २०२४

चि. सौ. सुलेखास,
अनेक आशीर्वाद.

बहीण अ‍ॅशबर्नला असताना, फोन हाताशी असताना पत्र का, असं म्हणशील. या घरात स्वयंपाकघराला भिंतच नाही. मी फोनवर बोलले की वरपर्यंत ऐकू जातं, आणि आरोही इथे जन्मलेली असली तरी तिला मराठी नीट कळतं. हे तिच्या कानावर जायला नको.

वन्संनी मला डेल्फ्टमध्ये काय-काय बघायचं ते लिहून पाठवलं होतं. त्यात शेवटी एक ठिकाण होतं, त्यांच्या तीन दिवसांच्या मुलीचा दगड. आपल्याला कोणालाच माहीत नव्हतं. दगडाशी ठेवायला पुडकं दिलं होतं. ही एकच गोष्ट त्यांनी मला सांगितली होती, बाकीचं गाव मी पाहिलं काय आणि नाही काय.

मी गेले नाही.

पोटुशी सून बरोबर, आणि मी दफनभूमीत जाऊन त्याच पायांनी तिच्याजवळ यायचं? मन धजेना. ती सकाळ त्यासाठीच मोकळी ठेवली होती. मी म्हटलं गुडघा दुखतोय, आज रामनवमी आहे, मी खोलीतच जप करते. हे आणि वेद म्युझियम बघायला गेले. आरोही म्हणाली, मी जरा चालून येते. ती बऱ्याच वेळाने आली, बूट दवाने ओले झाले होते. मी तिला उगीच रागावले की अशात इतकं फिरायचं नसतं. तिने बूट काढून खिडकीशी वाळत ठेवले. मी मात्र माळ हातात धरून बसले होते आणि एकही मणी पुढे गेला नव्हता.

वन्संनी विचारलं तेव्हा खरं सांगायची संधी होती. मी लिहून दिलं की जाऊन आले. त्यात भर म्हणून झाड उंच झालंय, साल पांढरीशुभ्र आहे, रामरक्षा म्हटली. रामाचं नावही मध्ये घातलं. दुकानदाराने चुकून जास्त दिलेलं सुटं मी आजवर कधी ठेवून घेतलं नाही, सुलेखा. घरखर्चाचा हिशेब जुळला नाही तर मला जेवण जात नाही. आणि हे मी एका बाजूने लिहिलं, पाकिटात घातलं, तिकीट लावलं.

पुडकं घरातच आहे. टाकवत नाही आणि घरात ठेवायची भीती वाटते. गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांमागे, पिशवीत घालून ठेवलंय. कापड आहे हे हाताला कळतं. आरोही गाडीकडे गेली की माझा जीव वरखाली होतो.

चहा सोडला आहे. काय करू ते लिही.

तुझी,
ताई

———

अ‍ॅशबर्न,
२२ मे २०२४

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र आलं तेव्हा राज म्हणाला, मावशीने पत्र लिहिलंय म्हणजे कोणीतरी गेलं. त्याला सांगितलं की मावशीने चहा सोडलाय, तो म्हणाला मग तसंच सिरियस आहे.

ताई, तू यार एवढी घाबरट असशील असं वाटलं नव्हतं. आपल्या आईने आपल्याला काय-काय सांगून ठेवलंय, ते अमेरिकेत आलं तरी सामानात आलंच. मी तुझ्या जागी असते तर मीही गेले नसते, खोटं कशाला बोलू. पण मी झाडाची साल वगैरे डिस्क्राइब केली नसती. तुला एवढं सुचतं हे मला नवीनच.

माझं ऐकशील तर आता गप्प बस. त्या बाईला पन्नास वर्षांनी बरं वाटलंय, ते तू कशाला काढून घेतेस? झाड असेलच तिथे, झाड कुठे जातंय? वेदला सांगून पुढेमागे पुडकं तिकडे पाठव आणि विषय क्लोज कर. आणि चहा घे. तू चहा सोडून रामाला काय फायदा, तुझं डोकं दुखणार आणि भावोजींना बोलणी बसणार.

आरोहीच्या डोहाळजेवणाला मी येतेय, तिकीट बुक केलंय. तिला हिरवी साडी मी घेणार, तू कपाटातली जुनी काढू नकोस. माझं लाडकेपण तसंच ठेव.

तुझी,
सुलू

———

श्रूजबरी,
८ जुलै २०२४

चि. सौ. शोभनास,
अनेक आशीर्वाद.

तुझं मे महिन्याचं पत्र माझ्या उशाशी असतं. त्यातल्या बर्चबद्दलच्या ओळी पाठ झाल्या आहेत. ते लावलं तेव्हा माझ्या कमरेइतकं होतं, काठीला बांधलेलं. ते एवढं उंच झालं हे वाचलं आणि मला वाटलं, म्हणजे तिच्याजवळ इतकी वर्षं कोणीतरी होतं.

तू गेलीस म्हणून मलाही धीर आला आहे. मी जायचं ठरवलं. इला रजा काढते आहे, सप्टेंबरच्या सुरुवातीला आम्ही दोघी जाऊ. माझं हृदय किती साथ देईल ते मला डॉक्टर म्हणून नीट कळतं, म्हणून पुढच्या वर्षावर टाकत नाही. इलाच्या नवऱ्याला हे पटलेलं नाही. इला त्याला म्हणाली, शोभनामामी गुडघे दुखत असून गेली, मग आई का नाही?

एक काम कर. फाटकापासून झाडापर्यंतचा रस्ता कागदावर काढून पाठव. व्हीलचेअर जाईल का तेही लिही. तिथे विचारत फिरायची मला इच्छा नाही, सरळ तिच्यापाशी जायचं आहे.

आरोहीला सांग की डोहाळजेवणाचे फोटो मला कागदावर हवेत.

तुझी,
मृणालिनी

———

॥ श्री ॥

नेपरव्हिल,
२१ जुलै २०२४, गुरुपौर्णिमा

ती. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

वन्सं, हे पत्र इलाजवळ बसून वाचा. आणि तिकिटं काढली नसतील तर काढू नका.

मी तिथे गेले नव्हते. दगड पाहिला नाही, झाड पाहिलं नाही, रामरक्षा म्हटली नाही. मी हॉटेलच्या खोलीत बसले होते. आरोहीला दिवस होते आणि मला भीती वाटली. मी तुमच्या मुलीला घाबरले. तीन दिवसांच्या बाळाला. हे लिहिताना माझीच मला लाज वाटते आहे, पण याहून मऊ शब्दांत लिहिलं तर ते पुन्हा खोटं होईल.

तुमचं पत्र आल्यावरही मी लगेच लिहिलं नाही. आधी दुसरं केलं. वेदकडून फोनवर त्या जागेचा वरून काढलेला नकाशा उघडून घेतला आणि टेबलाशी बसून रस्ता काढायला घेतला. फाटक काढलं, भिंत काढली, भिंतीपाशी गोल काढून झाड काढलं. एक खोटं तुमच्या उशाशी होतं, दुसरं तुमच्या हातात द्यायला निघाले होते. आरोही पाणी प्यायला आली आणि माझ्या खांद्यावरून बघत राहिली. मग म्हणाली, “आई, तिथे झाड नाहीये.”

मी पेन खाली ठेवलं. ती समोर बसली आणि जे सांगितलं ते असं. तुमचं पत्र मी विमानात तिच्याकडे धरायला दिलं होतं. लहानपणी ती रविवारच्या मराठी शाळेत जायची, त्यामुळे हळूहळू का होईना सगळं वाचलं. मला वाटत होतं की हाताने लिहिलेलं तिला लागणार नाही. रामनवमीच्या सकाळी मी जाणार नाही हे तिच्या लक्षात आलं. कोणीतरी जायला हवं म्हणून ती एकटी गेली. मला सांगितलं नाही, कारण मी घाबरेन. तिचे बूट ओले होते ते त्या गवताने, आणि मी त्यावरून तिला बोलले होते.

वन्सं, तिथे दगड नाही. फाटकाजवळच्या ऑफिसात एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी जुन्या नोंदी बघून दिल्या. तिकडे जागा काही वर्षांच्या मुदतीने देतात, मुदत संपली की मोकळी करतात. ती सगळी ओळ पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच काढली. बर्च त्याआधीच एका वादळात पडलं होतं. आता भिंतीजवळ नुसतं गवत आहे आणि गवतात बारकी पांढरी फुलं आहेत. नोंदीत तुमचं आडनाव मात्र सापडलं, ते त्यांनी तिला बोट ठेवून दाखवलं.

तिने वाटेत ट्यूलिप घेतले होते ते गवतावर ठेवले. काय म्हणायचं ते तिला माहीत नव्हतं. मला म्हणाली, “आई, आय जस्ट सेड हाय. म्हटलं, मी आरोही, तुझ्या मामेभावाची बायको.” एवढं बोलून ती रडायला लागली, आणि मग तिने विचारलं की मामेभाऊच ना, नातं बरोबर सांगितलं ना. मी म्हटलं, बरोबर सांगितलंस. यांना आणि वेदलाही आता सगळं ठाऊक आहे. हे त्या दिवशी जेवले नाहीत, मागच्या अंगणात एकटेच बसून होते.

तुम्ही माझ्या भरवशावर एवढ्या लांब जाऊन गवतापुढे उभ्या राहिला असता. क्षमा मागायला मला तोंड नाही, म्हणून मागत नाही. पुडकं माझ्याकडे आहे. उघडलेलं नाही. ते काय करू ते सांगा.

या पत्राखाली लोभ असू द्यावा असं लिहायचा माझा हक्क तुम्ही ठरवा.

शोभना

———

श्रूजबरी,
२५ ऑगस्ट २०२४

चि. सौ. शोभनास,
आशीर्वाद.

पत्र मिळून महिना झाला. उत्तर दिलं नाही कारण मला राग आला होता. अजून थोडा आहे.

तू गेली नाहीस याचा नाही. मी स्वतः पन्नास वर्षं गेले नाही, तुला कोणत्या तोंडाने बोलू? राग झाडाचा आहे. तू ते फार सुंदर वाढवलंस. दोन महिने मी रोज त्याच्या सावलीत जाऊन बसत होते, आणि एका सकाळी ते पुन्हा पडलं. तिचं कोणी नव्हतं हेच पुन्हा खरं झालं.

जायचं रद्द केलं. इलाच्या नवऱ्याला बरं वाटलं. इला त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही.

आरोहीने एक पत्र पाठवलं आहे, मराठीत, मोठ्या अक्षरांत. शुद्धलेखन तुझ्यापेक्षा वाईट आहे. गवताच्या फोटोची प्रत सोबत होती. ती मी जिन्याच्या फोटोशेजारी लावली. ती मुलगी तिथे पोटातल्या बाळासकट उभी होती, हे मला रोज सकाळी आठवतं. तिला काही होऊ नये म्हणून मी या श्रावणात देवापुढे दिवा लावते. गेली कित्येक वर्षं लावत नव्हते.

पुडक्यात कुंची आहे. माझ्या आईने माझ्या शालूच्या पदरातून शिवली आणि डेल्फ्टला पोस्टाने पाठवली. ती पोचली तेव्हा आठवडा उलटून गेला होता. ती कोणी घातलेली नाही, हे लिहिते म्हणजे तुझी भीती कमी होईल. फेकू नकोस. परत पाठव.

आरोहीची बातमी कळव. तार वगैरे आता नसते, इलाच्या फोनवर लिही.

मृणालिनी

———

॥ श्री ॥

नेपरव्हिल,
२० ऑक्टोबर २०२४

ती. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

बातमी तुम्हाला इलाच्या फोनवर त्याच दिवशी कळली आहे. घट बसल्यावर, दुसऱ्या माळेला आली. पितृपक्ष टळला म्हणून मी देवापुढे हात जोडले, आणि आरोही म्हणाली की आई, तिने तुमचं कॅलेंडर बघितलं होतं. वजन चांगलं आहे. रंग वेदचा आणि रडणं तुमच्या भावाचं.

पुडकं मी परत पाठवलेलं नाही. ऑगस्टपासून दोनदा पोस्टात घेऊन गेले आणि दोनदा घेऊन आले. मागच्या रविवारी गॅरेजमधून काढलं आणि आरोहीसमोर टेबलावर ठेवलं. आत काय आहे आणि मी ते का लपवलं होतं, सगळं तिला सांगितलं. तुझ्या लेकीच्या डोक्यावर घालू का, असं विचारलं. नाही म्हणाली असती तर त्याच दिवशी तुम्हाला पाठवणार होते. ती म्हणाली, तुम्हाला भीती नाही वाटणार? मी म्हटलं, वाटेल.

कुंची कोमट पाण्यात धुतली. शालूची जर काळी पडली नाही, आईंनी चांगला घेतला होता. बाळाला घातली तेव्हा मी रामरक्षा म्हणत होते, या वेळी खरोखर. जरा मोठी होते, कानावरून घसरते. ती रडली नाही. जांभई दिली आणि झोपली. रात्रभर मी उठून-उठून तिचा श्वास बघितला, ते तुम्हाला सांगून टाकते, आता तुमच्यापासून काही ठेवायचं नाही. सकाळी भुकेने ओरडत उठली. तुमची कुंची मी तुम्हाला न विचारता वापरली. हीसुद्धा माझीच चूक. रागवायचं ते इथे येऊन रागवा.

कारण बारसं अजून केलेलं नाही. वेदला सख्खी बहीण नाही. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्येने. इला आहे, पण वेदची आत्या तुम्ही, तुमच्याशिवाय कोण सांगणार? कागदावरचं नाव त्या दोघांनी हॉस्पिटलात लिहून दिलंय, पाळण्यातलं राहिलंय. ते कोणतं, हे आम्ही कोणी विचारणार नाही. तुमच्या मनात एक असेल, पन्नास वर्षं कोणाला न सांगितलेलं. तेच सांगा किंवा दुसरं सांगा, ते तुमच्यात आणि तिच्यात.

इला म्हणते की तुम्हाला विमान सोसेल, व्हीलचेअर मागून घ्यायची. तुम्ही नेपरव्हिल नीट पाहिलेलं नाही, म्हणून लिहून ठेवते.

पहिल्या दिवशी काही बघायला जायचं नाही. ताक करून ठेवीन, जिऱ्याची पूड भरपूर आहे. दुसऱ्या दिवशी नदीकाठी जाऊ. नदी लहान आहे, तुमच्या कालव्यांपुढे काहीच नाही, पण कडेने फरसबंद वाट आहे आणि पानं लाल झाली आहेत. सायकली येतात, तुमच्या भावाला मी धरून ठेवीन. गावात घंटांचा उंच मनोरा आहे. तो सरळ आहे, आणि चढायचा नाही. स्टेशनाजवळच्या दुकानात निळ्या नक्षीची एक बशी बघितली आहे. खरी नाही, उलटी करून बघितली. तरी घेऊन ठेवली, प्रसादाला.

शेवटचं ठिकाण घरातच आहे. जिन्याने वर या, जिना सोपा आहे, उतरताना पाठमोरं उतरावं लागत नाही. वर आल्यावर उजव्या हाताला, भिंतीजवळ, पाळणा आहे. फाटकापासून तिथपर्यंत मी तुमच्याबरोबर येते. या वेळी खोलीत बसून राहणार नाही.

वेळ नसला तरी हे राहू देऊ नका.

तुमची,
शोभना